दीडशे कलमांचा धनी

बापू माझ्यासमोर बसले होते. बशीत चहा ओतून फुंकर घालत होते. तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन थरथरला. उघडून बघतो तर मेल बापूंचीच. 'स. न. वि. वि. बऱ्याच दिवसांत आपली गाठभेट नाही. प्रकृती कशी आहे? कळविणे.'

मी फोन त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "बापू, हे काय?"

बापूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सात वाजले ना? बरोबर आहे," म्हणाले आणि उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "पार खालपर्यंत सरकवा. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलंत की माझ्याकडे नोंद होते."

मी बोट ठेवलं. बापूंच्या खिशात टिंग वाजलं. त्यांनी फोन काढला, चष्मा कपाळावर चढवून नोंद तपासली, "आलात तुम्ही," असं मला सांगितलं, आणि मग आम्ही प्रकृतीच्या गप्पांना लागलो.

बापू आणि मी एका बँकेच्या एकाच शाखेत बावीस वर्षं समोरासमोर बसलो. तेव्हा संगणक नव्हते, लेजरं होती, आणि संध्याकाळी हिशेब जुळल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही असा रिवाज होता. एकदा त्रेसष्ट रुपयांचा फरक लागला. आम्ही चार जण खिशातून भरून मोकळे व्हायला तयार होतो. बापू म्हणाले, "त्रेसष्टला नवाने भाग जातो. म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत." रात्री साडेनऊला 81 चे 18 झालेले सापडले. सापडले ते बापूंच्याच अक्षरात. पण त्यांच्या तोंडावर ओशाळलेपणाचा लवलेश नव्हता, उलट विजयाचा आनंद होता. चूक झाली याचं त्यांना फारसं वाटत नाही. चूक नोंदीशिवाय राहिली तर मात्र त्यांना जेवण जात नाही.

2017 साली निवृत्त झाल्यावर बापू देवगडला वडिलोपार्जित बागेत जाऊन राहिले. हापूसची दीडशे कलमं. आमच्याकडे झाडं आणि तिकडे कलमं, हा फरक मुंबईच्या माणसाला सांगावा लागतो. वडिलांच्या काळात सगळ्या पेट्या वाशीच्या मार्केटात जायच्या आणि पावसाच्या तोंडावर दलालाची पट्टी यायची. पट्टीत हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं असं वजा होत होत शेवटी जे उरेल ते मालकाचं. बापूंनी पहिल्याच वर्षी ती पट्टी घेतली, पेन्सिलीने तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा वेगळी आली, आणि त्यांनी ठरवलं की आंबा थेट गिऱ्हाइकाच्या दारात पोचवायचा. गिऱ्हाईक म्हणजे आम्हीच. बँकेतले जुने सहकारी, त्यांचे व्याही, व्याह्यांच्या सोसायट्या. बघता बघता साडेतीनशे पत्ते झाले.

व्हॉट्सअ‍ॅपचं नाव काढलं तेव्हा बापू म्हणाले, "तिथे लोक सकाळी उठून गुलाबाची फुलं टाकतात. तिथे का धंदा करायचा? मेलचं रेकॉर्ड राहतं." पुण्याचा भाचा दिवाळीला आला होता. त्याने दोन रात्री बसून मामाला समजावलं की एकदा मेली लिहून ठेवायच्या, कुठली केव्हा सुटेल ते ठरवून द्यायचं, पुढचं सगळं यंत्र करतं. भाचा बिचारा ट्रिगर, सीक्वेन्स, सेगमेंट असे शब्द वापरत होता. बापू ऐकून घेत होते. शेवटी त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे स्टँडिंग इन्स्ट्रक्शन!" भाच्याने हा शब्द आयुष्यात ऐकला नव्हता, तरी त्याने सुटकेच्या आनंदात मान हलवली.

त्या दिवसापासून बापूंनी हाताने पत्र लिहिणं सोडलं. दीडशे कलमांचा धनी, पण स्वतः कलम धरायला तयार नाही.

व्यवस्था मात्र चोख आहे, हे मान्य करायला हवं. गिऱ्हाइकाने पेटी सांगितली की तो दिवस शून्य. एका मिनिटाच्या आत पोच जाते. तिसऱ्या दिवशी 'आपली पेटी भरली'. पाचव्या दिवशी 'अढी कशी लावावी': पेंढ्यावर आंबे देठ वर करून ठेवा, थर एकावर एक चढवू नका, रोज हात लावून बघण्याचा मोह आवरा. पंधराव्या दिवशी 'कसा लागला?' आणि डिसेंबरच्या 15 तारखेला, सकाळी सातला, 'बाग मोहोराने डवरली आहे'. खाली सहीच्या जागी 'आपला कृपाभिलाषी', आणि त्याखाली बारीक अक्षरात, या आंब्याला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची हकिगत पाचही जिल्ह्यांच्या नावांसकट. वाशीत कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसून येतो, याचा बापूंना जो संताप आहे तो त्या बारीक अक्षरांत मावलेला नाही, पण त्यांनी माववायचा प्रयत्न केला आहे.

वहिनींचंही नाव यादीत आहे. त्यांच्या वाढदिवसाला सकाळी सातला त्यांना मेल येते: 'आपणास पाच टक्के सवलत.' वहिनी म्हणतात, "आमच्याच बागेतला आंबा. वजा कशातून करायचे पाच टक्के?" बापू म्हणतात, एकाला अपवाद केला की सातत्य मोडतं.

सातत्य हा बापूंचा कुलस्वामी. धंदा छोटा असला तरी चालेल, पण तो रोज त्याच वेळी उघडायला हवा, गिऱ्हाइकाला वर्षभर कळत राहायला हवं की आपण आहोत. विचारात खोट काहीच नाही. बाजारात बसणाऱ्या प्रत्येकाला हे पटेल. फक्त आंब्याला अजून पटलेलं नाही.

एका डिसेंबरात मी कणकवलीला उतरून देवगडला गेलो तो नेमका पंधराव्या दिवशी. वाटेतच मेल आली, बाग मोहोराने डवरली होती. जाऊन बघतो तर त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळलेला, थंडीचा पत्ता नाही, आणि कलमांना लालसर कोवळी पालवी फुटलेली. मोहोराचं एक बोंडूक औषधालासुद्धा नव्हतं. मी बागेतल्या राखणदाराला फोनवरची मेल वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकली, वर कलमाकडे बघितलं आणि म्हणाला, "झाडांक मेल पोचूक नाय वाटता."

बापूंना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गेल्या वर्षी पंधराला आला होता."

घोळ झाले नाहीत असं नाही. एका मे महिन्यात एक साहेब रजेवर गेले आणि जाताना आपल्या मेलला 'मी रजेवर आहे' असं आपोआप उत्तर लावून गेले. बापूंची मेल त्यांना गेली. त्यांच्या यंत्राने कळवलं, मी रजेवर आहे. बापूंच्या यंत्राने पोच दिली, आपले पत्र मिळाले. त्यांचं म्हणालं, मी रजेवर आहे. यांचं म्हणालं, आपले पत्र मिळाले. रात्रभर दोन सुसंस्कृत यंत्रं एकमेकांशी अशी अदबीने बोलत राहिली आणि दोघांचेही मालक घोरत होते. असं होऊ नये म्हणून जाणकारांनी 2004 सालीच नियम लिहून ठेवलाय: आपोआप गेलेल्या मेलवर तशी खूण हवी, आणि खूण असलेल्या मेलला यंत्राने उत्तर द्यायचं नाही. जीमेलचं स्वतःचं रजेचं उत्तरसुद्धा एका माणसाला चार दिवसांत एकदाच जातं. पण बापूंचं यंत्र भाच्याने घरी जुळवलेलं. ते दमलं ते मोफत खात्याची दिवसाची 500 मेलींची मर्यादा संपली तेव्हाच. दुसऱ्या दिवशी खातं गप्प, आणि अक्षय्य तृतीया तोंडावर. बापूंनी त्या दिवशी फोनवरून पेट्या खपवल्या आणि संध्याकाळी मला सांगितलं की आवाज बसला, पण विक्री नेहमीपेक्षा जास्त झाली. 'म्हणून' काय, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

कुणी यादीतून नाव काढलं तर बापूंना ते सोयरीक मोडल्यासारखं लागतं. 2024 च्या फेब्रुवारीपासून दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढायची सोय द्यावी लागते. बापूंच्या मेली साडेतीनशे. नियम त्यांना लागूच नाही. तरी त्यांनी सोय दिली, कारण परिपत्रक ते परिपत्रक. मात्र कुणी ती टिचकी मारली की पाच मिनिटांत बापूंचा फोन जातो. "नमस्कार. नाव काढलंत असं दिसतंय. घरी सगळं क्षेम ना?" समोरचा माणूस गांगरतो, मधुमेहाचं कारण सांगतो. बापू त्याला मधुमेहात किती फोडी चालतात ते समजावतात. तो बहुधा परत नाव घालतो. एकाने म्हणे सुटका व्हावी म्हणून तीन पेट्या घेतल्या.

मेल किती जणांनी उघडली याचा आलेख बापू रोज बघतात. दिसणारही नाही असं ठिपक्याएवढं चित्र मेलमध्ये ठेवलेलं असतं, मेल उघडली की ते मागवलं जातं आणि तिकडे नोंद होते, ही युक्ती कळल्यावर ते आठवडाभर खुशीत होते. एका वर्षी आलेख अचानक वर चढला. बापूंनी वहिनींना शिरा करायला लावला. मग भाच्याने खुलासा केला की 2021 पासून अ‍ॅपलच्या फोनवर ते चित्र माणसाने मेल वाचो न वाचो, कंपनीचा सर्व्हरच आधी उतरवून घेतो. बापू बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे चेक वटायच्या आधीच खात्यात जमा धरायचा. हे आपल्या शाखेत चाललं नसतं." आलेख ते अजून बघतात, पण आता त्यावर पेन्सिलीने स्वतःचा एक कमी आकडा लिहून ठेवतात.

न्यू जर्सीला एक गिऱ्हाईक आहे, शाखेतल्याच एका कॅशिअरचा मुलगा. भारतातला आंबा अमेरिकेत 2007 पासून जातो, पण विकिरण करूनच, मोठ्या निर्यातदारांमार्फत. बापूंची पेटी काही तिथे जाऊ शकत नाही. तरी दर एप्रिलला त्याला 'आपली पेटी आपली वाट पाहत आहे' जातंच. मी म्हटलं, त्याचं नाव तरी काढा. बापूंनी मला त्याचं उत्तर दाखवलं: 'काका, पेटी येणार नाही ते माहीत आहे. मेल येऊ द्या.'

आता नावांचं. हा भाग मला लिहावा की नाही असं वाटत होतं, पण बापूंनीच परवानगी दिली. यंत्र यादीतला पहिला शब्द उचलतं आणि 'प्रिय' पुढे जोडतं. बापूंची यादी बँकेच्या वळणाची, आडनाव आधी, त्याच्याही आधी उपाधी. त्यामुळे पहिल्या वर्षी अर्ध्या मुंबईला 'प्रिय श्री.' आणि उरलेल्या अर्ध्या मुंबईला 'प्रिय सौ.' अशा मेली गेल्या. लोक हसले आणि आंबे घेतले. पण यादीतला एखादा माणूस वारला की बापू त्याचं नाव काढत नाहीत. खातं बंद करायला कागदपत्रं लागतात, ही सवय. ते नावापुढे फक्त 'कै.' लावून ठेवतात.

वर्षभर पेटी न घेणाऱ्यांना जाणारी एक वेगळी मेल होती. ती एका घरी गेली. 'प्रिय कै., गेल्या मोसमात आपली ऑर्डर आली नाही. आमचे काही चुकले का?'

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्या बाईंनी लिहिलं होतं, 'ते मार्गशीर्षात गेले. तुमचं काही चुकलेलं नाही. यंदा दोन डझनांचीच पेटी पाठवा. एकटीला पाच डझन कशाला.'

आणि एका मिनिटाच्या आत यंत्राने पोच दिली: 'आपले पत्र मिळाले. वाचून आनंद झाला.'

बापूंनी ते दुपारी बघितलं. वहिनी सांगतात की ते खळ्यात जाऊन बसले आणि तिन्हीसांज झाली तरी उठेनात. मग आत येऊन त्यांनी साठवलेल्या सगळ्या मेली एकेक करून उघडल्या आणि सव्वीस ठिकाणचा 'आनंद' खोडला. दिवाळीच्या शुभेच्छांतलासुद्धा. आजतागायत बापूंच्या कुठल्याही मेलीत आनंद होत नाही. 'नोंद घेतली आहे' असतं. दोन डझनांची पेटी ते स्वतः घेऊन मुंबईला आले, दारातच देऊन परत फिरले. काय बोलले, विचारलं तर म्हणाले, "अढी कशी लावायची ते सांगितलं."

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला लागून वर सरकलं. 16 तारखेला ते सिंधुदुर्गाजवळून गेलं, 17 ला मुंबईवरून पुढे गुजरातकडे. सतराला सकाळी आमच्या इमारतीसमोरचं गुलमोहराचं झाड दोन मोटारींवर आडवं झालं होतं आणि खिडक्यांच्या काचा थडथडत होत्या. मी बापूंना फोन लावत होतो. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. वहिनींचाही. टीव्हीवर देवगडचे उडालेले पत्रे दाखवत होते.

आणि बरोबर सात वाजता मेल आली. 'आमराईत आता शांत दुपारी आहेत. मोसमाचा शेवटचा आंबा पानाआड आपली वाट पाहत आहे.'

खरं सांगतो, पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मेल आली म्हणजे बापू ठीक आहेत. बायकोलाही तसंच ओरडून सांगितलं. लक्षात यायला मिनिटभर लागलं की ही मेल बापूंनी ऑक्टोबरात लिहिली होती, ती कुठल्यातरी थंडगार खोलीतल्या यंत्रातून सुटली होती, आणि बाग, घर, बापू सगळं वाहून गेलं असतं तरी ती सातलाच आली असती. त्यानंतर तीन दिवस मी रोज सकाळी सातला मेल वाचत होतो आणि रोज मला जास्त भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी पेटी भरल्याची आली. माझी पेटी. ती त्या वेळी कुठल्या झाडाखाली चिखलात पडली असेल, ते मला बसल्या जागी दिसत होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बापूंचा फोन आला. कुणाच्या तरी दुसऱ्याच नंबरावरून, कुठल्यातरी चढावर उभं राहून लावलेला. वीज नाही, पाणी नाही, अकरा कलमं मुळासकट गेली, उरलेल्यांचा आंबा जमिनीवर पडलेला, तो कॅनिंगवालेही घ्यायला तयार नाहीत. हे सगळं मला वहिनींनी सांगितलं. बापूंनी फोन घेतल्याबरोबर विचारलं, "सात वाजताच्या मेली आल्या का?"

मी म्हटलं, "आल्या."

"रोज?"

"रोज."

"मग ठीक," बापू म्हणाले, आणि मला त्यांचा आवाज पहिल्यांदाच फाटलेला ऐकू आला.

त्या वर्षी त्यांनी ज्यांचे पैसे घेतले होते त्या सगळ्यांना परत पाठवले, तेही न मागता. दिवाळीला भाच्याला बोलावून व्यवस्थेत सुधारणा केली. बँकेत नोंद एकाने करायची आणि दुसऱ्याने पास करायची, एकट्याच्या सहीवर काही सुटत नाही. तसंच इथे. यंत्र मेकर, बापू चेकर. रोज संध्याकाळी सहाला यंत्र बापूंना विचारणार, 'उद्याची मेल सोडू का?' आणि बापूंनी 'हो' कळवल्याशिवाय काही सुटणार नाही. मला हे इतकं आवडलं की मी चार जणांना सांगितलं.

परवा ते आमच्याकडे आले होते, त्याच दिवशीची ही गोष्ट. चहा झाल्यावर मी विचारलं, "बापू, काल संध्याकाळी सहाला तुम्ही गाडीत होतात. घाटात रेंज नसते. मग आज सातची मेल सुटली कशी?"

बापूंनी आधी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाले, "त्यालाही स्टँडिंग इन्स्ट्रक्शन लावलंय. सहा वाजून पाच मिनिटांनी 'हो' जातं."

"आणि पुन्हा वादळ आलं तर?"

"वादळाचं काय घेऊन बसलात," बापू म्हणाले. "त्याच्यात सातत्य नाही."

आता मी राखणदाराचा नंबर घेऊन ठेवलाय. यंदा 15 डिसेंबरला मोहोराची मेल आली तेव्हा आधी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "इलो. पुढल्या कलमांक बरो इलो, मागल्यांक अजून पालवीच आसा." मग मी दोन पेट्या सांगितल्या. एका मिनिटाच्या आत पोच आली.